नवसागराचा धूर

पोरं बाराच्या पाढ्याला आली की शेजारी खाजामियाँचा भाता सुरू व्हायचा, आणि भाता सुरू झाला की त्रिंबक पंतोजी ओसरीवरून उठून मधल्या खोलीची पश्चिमेकडची खिडकी लावून यायचे. त्या दिवशीही ते उठले. आत गेले, खिडकीच्या फळीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. भात्याचा आवाज येत नव्हता. ओसरीवर पोरं बारा सत्ते चौऱ्याऐंशीपर्यंत पोचली होती, कुणाचं तरी चुकत होतं, आणि त्या चुकीमागे रोज असणारा तो भस्स-भुस्स, भस्स-भुस्स असा ठेका आज नव्हता. मग उठलो कसे आपण? पंतोजींना स्वतःचंच नवल वाटलं. पाढ्यावर उठलो. खिडकी लावायचं कारण तर नऊ वर्षांपूर्वीच संपलं होतं. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई त्या खिडकीखालच्या बाजेवर चार महिने पडून होत्या. कल्हई करताना टाकतात त्या नवसागराच्या धुराचा एवढासा लोट आत आला तरी त्यांना उबळ येई आणि मग ती थांबता थांबत नसे. त्या गेल्या, बाज माळ्यावर गेली, खोलीत पोरांच्या धूळपाट्या आल्या. पण हात रोज उठून खिडकी लावत राहिला. हाताला एकदा वळण लागलं की तो डोक्याला विचारायला जात नाही, असं ते पोरांना सांगत आले होते. ते बोरू धरण्याबद्दल.

बाहेरून हाक आली. "पंतोजी, जरा येताव का? कागद वाचायचा हाय."

खाजामियाँ ओसरीच्या पायरीशी उभे होते. कल्हईचं काम करून करून त्यांच्या हाताची बोटं कायमची करडी झाली होती, आणि त्या करड्या बोटांत त्यांनी कागद असा धरला होता की त्याला डाग लागू नये. "सुग्रीव चपराशी देऊन गेला. म्हणतो, आजपून भट्टीत इस्तू घालायचा न्हाई. कावून, ते काय त्याला सांगता येईना."

कागद उर्दूत होता. गल्लीत उर्दू वाचणारे पंतोजी एकटेच. खाजामियाँ घरात दखनी बोलत, पण अक्षरांशी त्यांची ओळख नव्हती. समोरच्या केसरबाई दारात तांदूळ निवडत होत्या, त्या सूप घेऊनच जवळ आल्या. पंतोजींनी चष्मा लावला आणि वाचून मराठीत सांगू लागले. राहत्या वस्तीतल्या लहान धंद्यांसाठी नवा कायदा झाला आहे. ज्या धंद्यापासून आग, धूर, वास किंवा ठोकाठोकीचा त्रास होतो, आणि ज्याबद्दल शेजाऱ्याची लेखी तक्रार कचेरीत आहे, तो धंदा आजपासून बंद ठेवून पंधरा दिवसांत वेशीबाहेर ओढ्यापलीकडच्या जागेत न्यावा. तक्रार नसेल तो धंदा आहे तिथे राहू द्यावा. तक्रार करणाऱ्याने ती लेखी परत घेतली तर हुकूम रद्द समजावा. इथवर ते वर्गात वाचावं तसं संथ वाचत आले. पुढच्या ओळीत लिहिलं होतं: मौजे मजकूर, खाजामियाँ कल्हईगर, पूर्वेकडील शेजाऱ्याच्या अर्जावरून.

पंतोजींनी कागद डोळ्यांजवळ आणला. त्यांनी खाकरल्यासारखं केलं. "एका शेजाऱ्याच्या अर्जावरून," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत त्यांनी कागद वाचताना एक शब्द गाळला नव्हता. गल्लीतले लोक मरणाची पत्रंसुद्धा त्यांच्याकडून वाचून घेत, ती एवढ्यासाठीच. पूर्वेकडील, हा एवढा एक शब्द त्यांच्या जिभेवरून मागे घशात गेला आणि तिथेच बसला.

"कोण बाई हा शेजारी?" केसरबाई म्हणाल्या. "माझ्यावर कुणी नाव घेऊ नगा. मी भांडते ते तोंडानं भांडते, कागदानं न्हाई."

"तुमचं नाव कोण घेतंय," खाजामियाँ हसून म्हणाले. "तुमी कागद केला असता तर कचेरीला वाचायला वरीस लागलं असतं."

"हसताव काय? लव्हाराचं ऱ्हायलं, रंगाऱ्याचं ऱ्हायलं, तेल्याचा घाणा दिवसभर कुरकुरतो तोबी ऱ्हायला. तुमचंच कसं उठलं? ओढ्यापलीकडं कोण बाई भांडी डोक्यावर घिऊन येईल? तिथं मढी जाळतात."

खाजामियाँनी हात पुढे केला. त्यांनी कागद परत घेतला, चार घड्या केल्या आणि टोपीत ठेवला. जाताना ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "पोरांचा टाइम घेतला, पंतोजी." आणि गेले.

पोरं पुन्हा पाढ्यावर आली. पंतोजी ऐकत होते, पण त्यांना ऐकू येत होतं ते दुसरंच. नऊ वर्षांपूर्वीचा फाल्गुन. पश्चिमेचा वारा. मंजुळाबाईंचा खोकला कसा असे, तर आधी खोल विहिरीत घागर बुडावी तसा एक आवाज, मग काही वेळ काहीच नाही, आणि ते काही नसणंच सगळ्यात वाईट. अशा एका सकाळी त्यांनी कागद ओढला आणि अर्ज लिहिला. शेजारी जाऊन खाजामियाँना एक शब्द सांगितला असता तर? पण तेव्हा ते कुणाशीच बोलत नव्हते. एखाद्याचा धंदा तोंडावर बंद करायला सांगायचा, तर डोळ्यात बघावं लागतं. खाजामियाँ रोज विचारायचे, बाईची तबीयत कशी हाय. पंतोजी म्हणायचे, ठीक आहे. ठीक आहे म्हटल्यावर मग पुढे काय सांगणार? कागद त्या मानाने सोपा. कागदाला डोळे नसतात. खाली नावसुद्धा घातलं नाही. पूर्वेकडील शेजारी, एवढंच. आणि पुढे आठ-पंधरा दिवसांत खाजामियाँ आपली भट्टी नदीवर घेऊन गेले होते. पंतोजींना वाटलं, उन्हाळ्याची भांडी जास्त आली असतील, पाणी जवळ पडतं म्हणून गेले असतील. कचेरीतून काहीच आलं नव्हतं. मंजुळाबाई गेल्या, पाऊस पडून गेला, भट्टी परत जागेवर आली. अर्ज त्यांच्या मनातून असा गेला की जणू तो दुसऱ्याच कुणी लिहिला होता. आता कुणा नव्या साहेबाने कायदा केला, जुनी दप्तरं सोडायला लावली, आणि त्या दप्तरातून नऊ वर्षांपूर्वीचा खोकला बाहेर आला.

चार दिवस ते गप्प राहिले. सांगायचं म्हणून रोज सकाळी उठत आणि पाढ्यांना बसत. शेजारी खाजामियाँ थंड भट्टीपुढे पोतं टाकून बसलेले दिसत. लोकांची आधी आलेली भांडी वाळूने घासून ठेवत, पायाने, भांड्यात उभं राहून गिरक्या घेत, जसे ते नेहमी घासायचे. पोरं सुट्टीत तिकडे बघायला पळत. घासून लाल झालेली, कल्हई नसलेली पातेली भिंतीशी रांगेने उभी होती. चौथ्या दिवशी पंतोजींनी आमटीचा घास घेतला आणि तो तोंडात फिरवत राहिले. आमटी कळकली होती. पातेल्याची कल्हई कधीच उडाली होती, या आठवड्यात ते खाजामियाँकडे टाकायचं होतं. ती हिरवी, तांबूस, जिभेला आवळणारी चव त्यांनी गिळली, ताट सारलं, उपरणं खांद्यावर टाकलं आणि कचेरीत गेले.

तिथला कागदपत्रं बघणारा पेशकार तरुण होता, औरंगाबादेकडचा. तो पंतोजींना बसायला सांगून नम्रपणे बोलला. पंतोजींनी पहिलं वाक्य वाटेत तीनदा म्हणून ठेवलं होतं. "तो अर्ज माझा आहे. मला तो परत घ्यायचा आहे."

पेशकाराने दप्तर सोडवून मूळ अर्ज काढला, पंतोजींच्या हाती कोरा कागद दिला आणि म्हणाला, "दोन ओळी लिहा." त्यांनी लिहिल्या. त्याने दोन्ही कागद खिडकीच्या उजेडाला शेजारी शेजारी धरले, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू हसू आलं.

"पंतोजी, खत जुळत न्हाई."

"म्हणजे?"

"हे अक्षर तुमच्या हातचं न्हाई. अर्जावर नाव न्हाई, दस्तखत न्हाई. उद्या गल्लीतला कुणीबी येईल आणि म्हणेल, मीच तो शेजारी. म्हणून आमी खत बघताव. ज्या हातानं तक्रार केली त्याच हातानं ती परत आली पायजे." मग त्याने आवाज खाली आणला. "शेजाऱ्यासाठी दुसऱ्याची बला डोक्यावर घेताव, ते समजतं मला. अशी माणसं ऱ्हायली न्हाईत आता. पण कायदा हाय."

आपल्याला कधी कुणी एवढं चांगलं म्हटलं होतं, आणि ते कधी एवढं टोचलं होतं? पंतोजींनी अर्ज मागून घेतला. मोडीतल्या त्या बारा ओळी. शब्द त्यांचे होते, अक्षर त्यांचं नव्हतंच. अक्षर फार सुरेख होतं. गोल, सावकाश, एकही ओळ वर गेलेली नाही की खाली आलेली नाही, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी बोरू उचलताना एक बारीक शेपटी, माशासारखी. ती शेपटी त्यांनी किती वेळा सांगूनही मोडली नव्हती. फरीदा.

कचेरीची पायरी उतरताना त्यांना एकेक आठवत गेलं, आणि प्रत्येक आठवणीला ते थांबत. गल्लीचे कागद ते कच्चे लिहीत आणि पक्की प्रत पोरांकडून करवून घेत. ज्याचं अक्षर त्या महिन्यात सगळ्यात चांगलं, त्याला तो मान. खरा कागद लिहायला मिळाला की पोरांचा हात सुधारतो, असा त्यांचा अनुभव होता. पोराला मूठभर फुटाणे मिळत. त्या वर्षी सलग सहा महिने तो मान खाजामियाँच्या फरीदाचा होता. दहा वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर पाटी. त्या सकाळी पंतोजींनी तिच्यापुढे तीन कागद टाकले असणार, एक पत्र केसरबाईंच्या माहेरचं, एक कुणाच्या तरी बैलाचं, आणि एक हा. बघून टाकले होते का? नाही. आतून खोकला येत होता. तिने तिन्ही लिहिले, वाळू टाकून वाळवले, त्यांच्या हाती दिले, फुटाणे घेतले. त्यांनी घड्या घातल्या आणि कागद सुग्रीवच्या हाती दिले. बापाच्या भट्टीवरची तक्रार त्यांनी लेकीच्या हातून लिहून घेतली होती, आणि तिची ओळ कुठेही हलली नव्हती.

आता लपवायला जागाच उरली नाही. फरीदाचं लग्न होऊन ती वडवणीला दिलेली; तिला बोलवायचं तर बापाला सांगावं लागणार. पंतोजी सरळ घरी गेले नाहीत. वेशीतून ओढ्यापलीकडची ती जागा बघून आले. काटेरी बाभळी, राख, एक मोडकं मडकं. तिथे भांड्यांची रांग मांडून बसलेले खाजामियाँ त्यांना क्षणभर मनात दिसले आणि दिसेनासे झाले. मग ते शेजारी गेले आणि पोत्यावर, थंड भट्टीच्या दुसऱ्या अंगाला, टेकले. चाळीस वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते. जमिनीतून थोडी ऊब अजून वर येत होती, किंवा त्यांना तसं वाटलं.

"खाजामियाँ, त्या दिवशी मी एक शब्द गाळला," ते म्हणाले. "कागदात 'पूर्वेकडील शेजारी' लिहिलं होतं. तो मी आहे. नऊ वर्षांपूर्वी."

खाजामियाँ तांब्याच्या हंड्याला वाळू लावत होते. हात थांबला नाही. "ठाऊक हाय, पंतोजी."

"कधीपासून?"

"तवापून. त्याच दिशी पोरगी घरी आली. फुटाणे खात होती. म्हणली, अब्बा, आज मला लई लांबडा कागद दिलता, आणि त्यात आपली भट्टी हाय. मी म्हणलं, काय हाय भट्टीचं? तर सगळं धडाधडा म्हणून दाखवलं. तिला कागद एकदा लिवला की पाठ व्हायचा." त्यांनी हंडा उलटा केला, आतली वाळू झटकली. "तवा मला कळलं का बाईला माझ्या धुराचा तरास होतो. तुमी तर रोज म्हणत होताव, ठीक हाय, ठीक हाय. मी भाता नदीवर नेला. आणखी काय करायचं?"

पंतोजींच्या ध्यानात आलं. म्हणजे अर्ज त्याच दिवशी पोचला होता. कचेरीत जायच्या आधी, फुटाण्यांबरोबर.

"मग वाचायला माझ्याकडेच का आणलात कागद?"

"दुसरीकडं कुठं नेणार? गल्लीत तुमीच वाचताव." खाजामियाँ पहिल्यांदा त्यांच्याकडे वळले. "आणि मला वाटलं, तुमी इसरले असताल. इसरू द्यावं. वेशीबाहेर जागा काही वाईट न्हाई."

"वाईट आहे," पंतोजी म्हणाले. "मी आत्ताच बघून आलो."

फरीदा तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून आली. मुदतीचे आठ दिवस उरले होते. ती ओसरीवर चढली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पोरांच्या रांगेत, अगदी पूर्वी बसायची त्या खांबाशी बसली. पोरं टकामका बघू लागली. पंतोजींनी बोरू तासून दिला. तिने पहिली ओळ लिहिली आणि स्वतःच हसली. अक्षर वाकडं, घाईचं, शेवटी शेपटी नाही. "पंतोजी, माझं अक्षर गेलं. हाताला आता भाकरीचं वळण हाय."

"येईल," पंतोजी म्हणाले. त्यांना दुसरं काही शिकवता येत नव्हतं, पण हे येत होतं. घाई करू नकोस. पहिल्या दिवशी नुसत्या उभ्या रेघा. दुसऱ्या दिवशी गोल. खाजामियाँ दिवसातून दोनदा भिंतीवरून डोकावत आणि विचारत, "आलं का?" केसरबाई म्हणाल्या, "नांदती बाई पुन्हा बाराखडीला बसवली. काय जग हाय." चौथ्या दिवशी फरीदाने बोरू खाली ठेवला. "असं न्हाई येणार. मला तोच कागद लिवू द्या. त्याचा हात मला ठाऊक हाय."

"तो कचेरीत आहे."

"मला पाठ हाय." आणि ती लिहिता लिहिता म्हणू लागली, लहानपणी म्हणायची तशी, हेल काढून. अर्ज असा जे, आमच्या पश्चिमेस कल्हईची भट्टी असून नवसागराच्या धुराने घरातील माणसास उबळ येते. पोरं ऐकत होती. पंतोजी खांबाला टेकले. आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून, नऊ वर्षांनी, पाढ्याच्या चालीत. त्यात राग उरलेला नव्हता, नुसता एक माणूस होता, आतल्या खोलीत झोप न लागलेला. दिवसभर तिने तो कागद सात वेळा लिहिला. पाचव्या वेळी ओळ सरळ झाली. सातव्या वेळी, 'झोप लागत नाही' च्या शेवटी, बोरू उचलताना शेपटी आली. तिने मान वर केली नाही.

"घरातील माणसास म्हणजे काकू ना?" तिने विचारलं.

"हो."

"मला तवाच कळलं होतं. म्हणून मी चांगलं लिवलं. म्हणलं, चांगलं लिवलं तर काकूला लवकर बरं वाटंल."

पंतोजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग नवा कागद तिच्यापुढे ठेवला आणि सांगू लागले, एकेक शब्द सुटा करून. पूर्वी केलेली तक्रार परत घेत आहे. भट्टीचा त्रास नाही. भट्टी आहे तिथेच राहावी. ती लिहीत गेली. शेवटी, 'पूर्वेकडील शेजारी' लिहून थांबली आणि तिने बोरू आडवा धरून त्यांच्यापुढे केला. पंतोजींनी तो घेतला. तिच्या गोल अक्षरांखाली, आपल्या उभ्या, काटक अक्षरात, त्यांनी आपलं नाव घातलं, त्याखाली बापाचं नाव, त्याखाली गल्ली. पोरांपैकी कुणीतरी म्हणालं, दोन अक्षरं झाली. हो, झाली, पंतोजी म्हणाले.

कागद कचेरीत गेल्यावर पाचव्या दिवशी सुग्रीव चपराशी आला. मुदतीची अखेर होती. तो दारातूनच म्हणाला, पेशकारसाहेबानं लई येळ उजेडाला धरलं, म्हणले, हात तोच हाय, पर खाली पंतोजीचं नाव कसं? मग आपलेच आपण हसले आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं बाराच्या पाढ्यावर आली आणि शेजारी भाता सुरू झाला, आधी अडखळत, मग ठेक्यात. पंतोजी उठले. मधल्या खोलीत गेले. खिडकीच्या फळीवर हात ठेवला. बाहेर फरीदा बापाच्या हाताखाली भांडी देत होती. रांगेत पहिलं होतं ते पंतोजींचं कळकट पातेलं. खाजामियाँनी नवसागराची चिमूट टाकली, पांढरा लोट उठला, भिंतीवरून वळला आणि आत आला. पंतोजींना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी फळीवरचा हात काढला, खिडकी तशीच उघडी ठेवली, आणि ठसकत ठसकत ओसरीवर येऊन म्हणाले, "कुठवर आला रे? बारा सत्ते?"